हाळीव संपलं

आमचं दुकान काष्ठौषधीचं. उदगीरच्या धान्यबाजारात, आडत्यांच्या गाळ्यांमागच्या बोळीत. पुढं मसाल्याचं सामान आणि मागं औषधाचं, अशी मांडणी आजोबांनी केली ती अजून तशीच आहे. पुढच्या पोत्यांत धने, मिरची, खोबरं, दगडफूल, तमालपत्र, शहाजिरं. मागच्या डब्यांत वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, पिंपळमूळ आणि अशाच काड्या, मुळ्या, बिया. पुढं येणारी माणसं जिभेसाठी येतात, मागं येणारी भीतीपोटी. दोन्हीकडच्या पुड्या बांधतच मी मोठी झाले. शाळेत माझ्या बाकावर कुणी फार वेळ बसत नसे. मैत्रीण शिंकून शिंकून हैराण व्हायची आणि वर म्हणायची, तू आलीस की मला उगाच भूक लागते.

दुकानाच्या वरच आमचं घर. खालचा शब्द न् शब्द वर ऐकू येतो आणि खालचा वास तर आमच्या अंथरुणापांघरुणात मुक्कामालाच असतो.

दुकान नावाला अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. पण मागची बाजू सगळी अव्वाची. सीमेलगतचं गाव असल्यानं आमच्यासारख्या बऱ्याच घरांत आईला अव्वा म्हणतात. अव्वाचा आवाज मोठा, तोंड त्याहून मोठं. नवा बाप झालेला एखादा पोरगा बाळंतकाढ्याची पुडी मागायला आला की ती भर दुकानात त्याची उलटतपासणी घ्यायची. "टाके हायत का? कितवा दिवस? दूध उतरलंय का न्हाई?" पोरगा लाजून लाल. मग त्याच्या हातात काढा, डिंक, सुंठ, ओवा असं सगळं बांधून द्यायची आणि कशात काय घालायचं ते त्याच्याकडून पाठ म्हणून घ्यायची. एखादा चुकला की दुकानातली बाकीची गिऱ्हाइकंच त्याला सुधारायची.

दूध येण्यासाठी आमच्याकडं काय नाही ते विचारावं. हाळिवाची खीर, शतावरी घातलेलं दूध, मेथ्यांचे लाडू, जेवणानंतर चघळायला बाळंतशोप, रोजच्या ताटात शेपूची भाजी. हाळीव म्हणजे लालसर बारीक बी, भिजवलं की बुळबुळीत फुगतं. पुण्यामुंबईकडं त्याला अळीव म्हणतात. चव काही फार चांगली नसते. पण बाळंतिणीला चवीचं कोण विचारतो?

दूध थांबवण्यासाठी मात्र दुकानात विकायला काहीच नव्हतं. आणि त्यासाठीही बायका यायच्या. त्या पुढं काही मागत नसत. मागच्या डब्यांपाशी नुसत्या उभ्या राहायच्या, आणि अव्वाचा तो एवढा मोठा आवाज एकदम खाली यायचा. ती त्यांना पडद्याआड घेऊन जायची. मी पुड्या बांधता बांधता कान लावून ऐकायची. हाळीव, मेथ्या, शोप सगळं बंद कर, मोगऱ्याच्या ताज्या कळ्या छातीला बांध, सुकल्या की बदल, आपोआप आटतंय. मला कितीतरी दिवस वाटायचं की या बायका म्हशीबद्दल विचारायला येतात. मोठी झाल्यावर कळलं की त्यांची मुलं गेलेली असायची.

माझं लग्न निलंग्यात झालं. तिथंच शाळेत शिकवते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायचं, म्हणून सातवा सरल्यावर मी उदगीरला आले. अव्वानं तयारी कधीचीच सुरू केली होती. बाळगुटीचं सामान तिनं नव्या पोत्यातून एकेक निवडून काढलं होतं. हळकुंड ठसठशीत, जायफळ न किडलेलं, वेखंडाचा तुकडा तर असा जपून ठेवला होता की जणू सोनंच. सहाणेवर उगाळायची प्रत्येक वस्तू तिनं बोटांनी दाबून, हुंगून पारखली होती. लोकांच्या मुलांना आयुष्यभर डब्यातलं हाताला लागेल ते दिलं आणि नातवंडाला पारखून, म्हणून मी तिला चिडवलं. तर म्हणाली, "मग? लोकायची पोरं लोकायनी पारखावीत."

उन्हाळा होता. उन्हाळा म्हणजे आमच्याकडं काळ्या तिखटाचे दिवस. वर्षाचा मसाला करायला बिदरकडच्या, देगलूरकडच्या बायका येतात, बोळीत पाय ठेवायला जागा नसते. मसाला भाजल्याचा धूर घरभर, सगळ्यांना ठसका. अशाच एका दुपारी मला रक्तस्राव सुरू झाला. आठवा संपायला अजून बरेच दिवस होते. गावातल्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. मुलगी झाली. मला अर्धवट शुद्धीत हिरव्या फडक्याबाहेर आलेलं एक पाऊल दिसलं, माझ्या अंगठ्याएवढं. मग ते फडकं गाडीत घालून लातूरला नेलं, कारण काचेची पेटी तिकडं होती. सोबत माझे यजमान गेले आणि अप्पा.

आठव्यातलं म्हटल्यावर आत्यानं तोंडाला पदर लावला. सातव्यातलं जगतं आणि आठव्यातलं नाही, असं आमच्याकडं म्हणतात. डॉक्टर म्हणतात असं काही नसतं. मी डॉक्टरांवर विश्वास ठेवला, आणि पदर लावला म्हणून आत्याचा आयुष्यभरासाठी राग धरला.

लातूरहून निरोप आला तो दुधाचा. तिथल्या डॉक्टरीणबाई यजमानांना म्हणाल्या, सगळी औषधं आम्ही देऊ, पण आईचं दूध मिळालं तर पोर तगायची आशा जास्त. मला दवाखान्यातून खुर्चीत बसवून जिन्यानं वर घरी आणलं होतं, पण टाक्यांमुळं लातूरचा प्रवास बंद होता. तेव्हा दूध इथं काढायचं आणि तिथं पोचवायचं. ठरलं.

आता दूध यायचं तर ते पोर छातीला लागल्यावर येतं. माझ्याजवळ पोर नव्हतंच. पहिल्या दिवशी अर्धा तास दाबून दाबून चमचाभरही निघालं नाही. मी रडायला लागले तशी अव्वानं पदर खोचला. त्या दिवसापासून माझ्यावर आमच्या दुकानानं हल्ला केला असंच म्हणायला पाहिजे. सकाळी हाळिवाची खीर, दहा वाजता शतावरीचं दूध, दुपारी शेपू, लसणाची चटणी, भाकरीवर तुपाची धार, चार वाजता मेथीचा लाडू, आणि मध्ये मध्ये बाळंतशोप चघळत राहायची. खाली गिऱ्हाइकांची झुंबड, आणि ही हातातला तराजू तसाच ठेवून जिना चढून यायची, का तर मी खीर संपवली की नाही ते बघायला. "वाटी चाटून पुसून खा. ही तुला न्हाई, तिला हाय."

आणि दूध आलं. खरंच आलं, आधी चिकट पिवळं, मग पांढरं. स्टीलची एक झाकणाची डबी होती, उकळून घेतलेली. ती भरली की अप्पा तिच्याभोवती बर्फ घालून थर्मासमध्ये ठेवायचे आणि पहिल्या एसटीनं लातूर गाठायचे. मसाल्याचा ऐन हंगाम, दुकानात मालकाची गरज, आणि हा माणूस पिशवीत थर्मास घेऊन खिडकीशेजारच्या सीटवर. संध्याकाळी यायचे ते थेट माझ्या खोलीच्या दारात. आत यायचे नाहीत, बाळंतिणीच्या खोलीत पुरुष येत नाहीत. दारातूनच सांगायचे. "आज नळीनं दिलं. पचलं म्हणाल्या." कधी, "आज डोळे उघडले हुते." यजमान फोनवर तिचा चेहरा दाखवायचे. नाकात नळी, डोक्याला टोपी, बाकी माकडाचं पिल्लू. मी हसायची. ते दिवस आनंदाचे होते असं म्हणायला जीभ रेटत नाही, पण माझ्या आयुष्यात त्यापेक्षा कामाचे दिवस दुसरे नाहीत. माझ्या अंगातून एक वस्तू निघत होती आणि ती लातूरला कुणाला तरी जगवत होती.

मग एका दिवशी अप्पा दुपारीच परत आले. मी पेंगत होते. खाली त्यांचा आवाज आला, मग अव्वाचा, मग कुणाचाच नाही. भर हंगामात आमचं दुकान असं गप्प झालेलं मी कधी ऐकलं नव्हतं. संध्याकाळी ते नेहमीच्या वेळी दारात आले आणि म्हणाले, "बरी हाय." एवढंच. मीही थकले होते, जास्त विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डबी घेतली, बर्फ घातला आणि निघून गेले.

त्या सकाळी खीर आली नाही.

माझ्या आधी लक्षात आलं नाही. ताटात भाकरी होती, साधं वरण होतं, दोडक्याची भाजी होती. दुपारी पुन्हा तेच. लाडवांचा डबा फडताळातून गेला होता. शोपेची वाटी उशाशी असायची, तीही नव्हती. मला वाटलं, अव्वा दमली असेल, दुकान आणि मी दोन्ही तिच्याच गळ्यात. संध्याकाळी ती पाणी द्यायला आली तेव्हा मी सहज म्हणाले, "अव्वा, आज हाळीव न्हाई केलंस?"

"हाळीव संपलंय," ती म्हणाली आणि खिडकी लावायला लागली.

मी तिच्या पाठीकडं बघत राहिले. खिडकी लागत नव्हती म्हणून नव्हे, ती लावायचं काही कारणच नव्हतं म्हणून. वारा पडलेला होता. ती गेली. थोड्या वेळानं खालून एका बाईचा आवाज आला, "हाळीव हाय का वो?" आणि अव्वाचा, "हाय की. किती देऊ?"

इतर कुठल्या घरातल्या मुलीला यातून काय कळलं असतं? काहीच नाही. तिनं आईवर रुसवा धरला असता फार तर. पण मी त्या पोत्यांत वाढलेली. ताटातून काय काय गेलंय ते मी मनातल्या मनात जुळवत गेले. हाळीव, मेथ्या, शतावरी, शेपू, शोप. जे जे दूध आणतं ते ते गेलं होतं, आणि बाकी एकही वस्तू गेली नव्हती. सुंठ होती. तूप होतं. ओव्याचं पाणी होतं. अव्वा दमलेली नव्हती. अव्वा औषध देत होती.

यजमानांना फोन केला. म्हणाले, आता आत फोन नेऊ देत नाहीत. आवाज सर्दी झाल्यासारखा येत होता.

दुसऱ्या दिवशी माझ्या अंघोळीनंतर ती पदरात काहीतरी घेऊन आली. मऊ जुन्या लुगड्याची पट्टी आणि ओल्या फडक्यात मोगऱ्याच्या कळ्या. "उनाळा हाय, थंड वाटतंय," म्हणाली. मी हात वर केले. तिनं कळ्या ठेवल्या, पट्टी गुंडाळली, पाठीमागं गाठ मारली. तिचं तोंड माझ्या खांद्याजवळ होतं. एवढी बडबडी बाई, श्वाससुद्धा आवाज न करता घेत होती.

"घट्ट झालं का?"

"न्हाई."

विचारता आलं असतं. शब्द ओठांवर होते. नाही विचारलं, आणि त्याचं कारण प्रेमाबिमाचं नाही. मला त्या सगळ्यांचा भयंकर राग आला होता. कच्च्या बाळंतिणीला वाईट बातमी सांगायची नसते, तिच्या डोक्यात वारं जातं, अंगावरचं दूध डोक्यात चढतं, असं आमच्याकडं मानतात. म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं असणार. माझं पोर गेलं हे माझ्या यजमानांना, आईबापाला, आत्याला, शेजारणीला, बहुतेक पुढच्या गाळ्यातल्या आडत्याच्या मुनिमालासुद्धा माहीत होतं. मलाच नव्हतं. तिला लातूरलाच पुरली होती आणि माझ्याकडं बायका हसऱ्या तोंडानं येत होत्या. एकीनं तर विचारलं, "कोणावर गेलीय गं?" मी म्हणाले, माझ्या सासूबाईंवर. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते तिखटाच्या धुरावर ढकललं. मी विचारलं असतं तर त्यांना मोकळं व्हायला मिळालं असतं. मला त्यांना मोकळं करायचं नव्हतं.

हा झाला राग. दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. कुणी तोंडानं म्हटलेलं नव्हतं तोवर सकाळी डबी भरण्याचं काम माझ्याकडं होतं. अप्पा दारात उभे राहायचे. मी डबी द्यायची. ते न्यायचे. मोगऱ्याचं त्यांना माहीतच नव्हतं, असल्या गोष्टी पुरुषांना सांगत नाहीत. एका खोलीत अव्वा माझं दूध आटवत होती आणि त्याच खोलीच्या दारातून अप्पा ते लातूरला नेत होते. मी दोघांनाही मदत करत होते.

ते लातूरला जात नव्हते हे नंतर कळलं. रेल्वे स्टेशनवर बाकड्यावर बसायचे म्हणे, थर्मासची पिशवी मांडीवर घेऊन. आमच्या ओळखीच्या एका हमालानं पाहिलं होतं. संध्याकाळी एसटीच्या वेळेला उठून घरी यायचे आणि दारात उभं राहून सांगायचे, "आज जरा बरी हुती." दुधाचं काय करायचे ते मी आजतागायत विचारलेलं नाही. गटारात ओतलं असेल. दुसरं काय करणार?

पुष्कळ लोक मला विचारतात, एवढं शिकून तुमचा या काड्यामुळ्यांवर विश्वास आहे का? आहे. माझी तक्रारच ती आहे. सगळ्या वस्तूंनी सांगितलं तसं काम केलं. हाळिवानं दूध आणलं, मोगऱ्यानं नेलं. ओव्यानं पोट धरलं, सुंठीनं अंग सावरलं, टाके सुकले, महिन्याभरात मी जिना चढायला लागले. फक्त तिची फुप्फुसं तयार झालेली नव्हती आणि त्यावर आमच्या एकाही डब्यात काही नव्हतं. निवडून ठेवलेलं गुटीचं सामान अव्वानं पुन्हा डब्यांत टाकून दिलं. ते ठसठशीत हळकुंड कुठल्या तरी घरच्या सहाणेवर झिजलं असेल. मला दुसरं मूल झालं नाही. होईल असं आता वाटतही नाही, आणि वाटावं म्हणून मी काही खातही नाही.

मोगरा लगेच लागू पडत नाही. आधी ठणका लागतो, छाती दगडासारखी होते, कळ्या त्या उष्णतेनं दुपारपर्यंतच तपकिरी पडतात. अव्वा न बोलता बदलायची. मग ठणका उतरत जातो. डबी पहिल्यांदा पाऊण भरली, मग अर्धी, मग बुडाला पांढरी चकती दिसेल एवढी. कमी झालंय असं अप्पा कधी म्हणाले नाहीत. मीही म्हणाले नाही.

आणि एका सकाळी काहीच आलं नाही. मी भिंतीकडं तोंड करून बराच वेळ बसले. दाबून पाहिलं, तिची ती टोपी आठवून पाहिली, फोनमधला तिचा फोटो समोर धरून पाहिला. एक थेंब आला नाही. बाहेर अप्पांच्या वहाणांचा आवाज झाला. ते दारात येऊन थांबले. मी डबीचं झाकण लावलं आणि डबी त्यांच्या हातात दिली.

ज्या माणसाचा जन्म हातानं वजन करण्यात गेला, चिमूटभर केशरसुद्धा जो तळहातावर घेऊन सांगतो, त्याला ती डबी कळली नसेल असं मी स्वतःला सांगू शकत नाही. त्यांचा हात जरा वर गेला. निदान बुडापुरतं दूध असेल या अंदाजानं उचललेला हात होता तो. ते माझ्याकडं बघायचे थांबले. मीही खाली बघितलं. आम्हा बापलेकीत लपवायचं असं आता काही उरलं नव्हतं. ते बोलतील असं मला वाटलं. बोलावं असं, त्या एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच, मनापासून वाटलं.

ते वळले. फ्रीजमधून बर्फ काढला. रिकाम्या डबीभोवती चारी बाजूंनी तो नीट भरला, थर्मासचं झाकण घट्ट फिरवलं, पिशवी खांद्याला अडकवली.

"ऊन लई हाय," ते म्हणाले. "नासायच्या आत पोचवतो."